खुंटी आहे, मणी कुठे?

दोहा मेट्रोची गोल्ड लाइन पश्चिमेला जिथे संपते, ते अल अझीझिया. स्थानकाशेजारी व्हिलाजिओ मॉल, जवळच खलिफा स्टेडियम आणि २००६च्या आशियाई खेळांच्या वेळी उभा राहिलेला टॉर्च मनोरा. कतारमधल्या परदेशी रहिवाशांत भारतीयांचा समूह सर्वांत मोठा आहे आणि त्यात मराठी घरं आहेत. अशा घरातलं एखादं मूल पुण्यातल्या किंवा सांगलीतल्या गुरूंकडे गाणं शिकतं, तेव्हा शिकवणी लॅपटॉपवर होते. अडीच तासांचा फरक सांभाळून वेळ ठरते आणि तानपुराही बहुधा त्याच लॅपटॉपवर वाजतो. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण त्याचा भोपळा विमानातून सुखरूप आणणं जिकिरीचं असतं.

सॉफ्टवेअरचा तानपुरा ऐकायला चांगला असतो. अडचण येते ती सूर लावताना. घरातली पेटी जुनी असेल तर तिची पांढरी सहा ४४० हर्ट्‌झवर असेलच असं नाही. मग तानपुरा पेटीला जुळवून घ्यावा लागतो. त्यासाठी पडद्यावर एक आडवी पट्टी असते, तिच्यावर एक सरकती मूठ असते आणि माउसने ती मूठ ओढायची असते. ओढली की सूर थोडा चढा होतो, परत ओढली की थोडा उतरा. हवा तो सूर या दोन जागांच्या मधे कुठेतरी असतो आणि तिथे मूठ थांबत नाही.

स्लायडर या साध्या दिसणाऱ्या साधनाचा सगळा प्रश्न एवढ्या प्रसंगात आहे. त्यावर सत्तर वर्षांचा अभ्यास आणि तीस वर्षांचे नमुने उपलब्ध आहेत. त्यांतलं काय टिकलं, काय विसरलं गेलं आणि आज स्लायडर रचणाऱ्याने काय उचलावं, याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगतो. खऱ्या तानपुऱ्याला सूर लावण्याच्या दोन जागा असतात. वरच्या खुंटीने तार ढोबळ लावायची आणि घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी किंचित सरकवून ती नेमकी करायची. वाद्य बनवणाऱ्यांना हे शतकांपूर्वी उमगलं होतं. आपल्या पडद्यांवरच्या बहुतेक स्लायडरना मात्र फक्त खुंटी आहे.

आधी हिशेब पाहू, कारण या विषयातले निम्मे वाद साध्या भागाकाराने मिटतात. एका सप्तकात १२०० सेंट असतात, पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधे १००. सप्तकभराची पट्टी पडद्यावर २४० पिक्सेल लांब असेल, तर मूठ एक पिक्सेल सरकली की सूर ५ सेंट बदलतो. षड्जापासून शुद्ध पंचम ७०२ सेंटवर असतो, पेटीचा पंचम ७०० वर. शुद्ध गंधार ३८६ वर, पेटीचा ४०० वर. पाच-पाचच्या पायऱ्यांवर चालणाऱ्या मुठीला ७०२ कधीच सापडणार नाही, ती ७०० ला थांबेल किंवा ७०५ ला. काळी एक, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्‌झ, हा षड्ज धरला तर ५ सेंटचा फरक ०.४ हर्ट्‌झ होतो. पेटी आणि तानपुरा एकत्र वाजले की दर अडीच सेकंदांनी स्वर एकदा हेलकावतो. वरच्या अंशस्वरांत हा हेलकावा आणखी जलद होतो. गाणाऱ्याचा कान तो लगेच पकडतो. म्हणजे कानाला कळतं, हाताची तयारी असते, आणि मधली पट्टी दोघांना अडवते.

पट्टीची लांबी आणि तिने कवेत घ्यायची मर्यादा यांचा भागाकार मांडल्याशिवाय स्लायडर काढायला बसू नये. शंभर आकडे २०० पिक्सेलांवर बसतात, एकेका आकड्याला दोन पिक्सेल मिळतात आणि माउस सरावलेल्या माणसाचं काम भागतं. हजार आकडे त्याच २०० पिक्सेलांवर बसवले तर प्रत्येक पिक्सेलखाली पाच आकडे दडतात. त्यांतले चार कितीही शांत हाताने ओढलं तरी येत नाहीत. पुष्कळ सॉफ्टवेअरमधे हे दुसरं उदाहरणच दिसतं आणि वापरणाऱ्याला वाटतं की आपलाच हात थरथरतो.

हाताबद्दल काय माहीत आहे? पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं की लक्ष्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ लक्ष्याच्या अंतरावर आणि रुंदीवर लॉगरिदमच्या नियमाने ठरतो. अंतर दुप्पट करा किंवा रुंदी निम्मी करा, अडचण सारखीच वाढते. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतला माउस बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये घडवला आणि ९ डिसेंबर १९६८ च्या प्रात्यक्षिकात जगाने तो पाहिला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, स्टुअर्ट कार्ड, तेच बिल इंग्लिश आणि बेटी बर यांनी माउस, जॉयस्टिक आणि कळा यांची तुलना प्रसिद्ध केली. माउस सरस ठरला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माउसची गती फिट्सच्या नियमात जवळपास चोख बसली, बिटमागे सुमारे एक दशांश सेकंद.

आपल्या पट्टीवर १२० पिक्सेल दूरचं १ पिक्सेल रुंदीचं लक्ष्य या नियमाने ७.९ बिटांचं ठरतं आणि १२ पिक्सेल रुंदीचं ४.३ बिटांचं. फरक साडेतीन बिटांचा, म्हणजे कागदावर अर्ध्या सेकंदाहूनही कमी. पण प्रत्यक्षात त्रास याच्या कितीतरी पट होतो, त्यामुळे इथे नुसत्या सूत्रावर विसंबणाऱ्यांशी मी सहमत नाही. ऑलिव्हिए शापुई आणि पियेर द्रागिचेविच यांनी २०११ मध्ये अतिलहान लक्ष्यांचा खास अभ्यास केला. लक्ष्य हाताच्या हालचालीच्या मापातही लहान असतं आणि डोळ्यांच्या मापातही. ही दोन ओझी वेगवेगळी आहेत, असं त्यातून पुढे आलं. स्लायडर दुरुस्त करणाऱ्याला हे फार उपयोगाचं आहे. मूठ मोठी काढली तर पकडायला सोपी होते, पण नेमक्या जागी थांबवायला सोपी होत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत.

शिवाय स्लायडरमधे नुसतं टोचायचं नसतं, ओढायचं असतं. स्कॉट मॅकेन्झी, अ‍ॅबिगेल सेलन आणि विल्यम बक्स्टन यांनी १९९१ मध्ये टोचणं आणि ओढणं यांची तुलना केली. ओढणं हळू झालं आणि चुकाही वाढल्या. बटण दाबून धरलेल्या बोटाचे स्नायू ताणलेले असतात आणि त्याच हाताने बारीक हालचाल करायची असते. यातला सर्वांत वाईट क्षण म्हणजे सोडण्याचा. मूठ नेमकी जागेवर आणली, बोट उचललं, आणि उचलतानाच माउस एका पिक्सेलने हलला. मिळालेला सूर गेला. त्यामुळे सोडण्याच्या आधीच्या क्षणार्धातली एका पिक्सेलची हालचाल रचनेने दुर्लक्षित करावी. एवढं केलं तरी सुधारणा जाणवते आणि खर्च काही ओळींचाच असतो.

जुन्या विंडोजमधे आणखी एक जाच होता. पट्टी सरकवताना पॉइंटर आडवा बराच बाहेर गेला की मूठ मूळ जागी उडी मारून परतायची. म्हणजे पट्टी हा अरुंद बोगदाच होता. अशा बोगद्यातून न भरकटता जायला लागणारा वेळ बोगद्याच्या लांबीला रुंदीने भागून ठरतो, हे जोनी अ‍ॅको आणि शुमिन झाय यांनी १९९७ मध्ये सूत्रात मांडलं. आता एकदा मूठ पकडली की पॉइंटर पडद्यावर कुठेही गेला तरी पकड सुटत नाही, अशी सोय ब्राउझरमधेही आहे. तरीही हाताने लिहिलेल्या अनेक स्लायडरमधे ती वापरलेली नसते. बोगदा रचनाकारानेच उभा केलेला असतो, म्हणून तो पाडणंही त्याच्याच हातात असतं.

यापुढचा, नव्वदच्या दशकातला भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पिक्सेल कमी आणि मूल्यं जास्त, हा पेच तेव्हा पडदे लहान असल्यामुळे रोजचा होता.

मेरिलंड विद्यापीठात बेन श्नायडरमन आणि त्यांच्याबरोबर काम करणारे क्रिस्टोफर आल्बर्ग यांनी १९९४ मध्ये अल्फास्लायडर मांडला. एका छोट्या पट्टीवर १०,००० चित्रपटांची नावं. एका पिक्सेलखाली कित्येक नावं येणार हे उघडच होतं. त्यांनी चार रूपं करून पाहिली. त्यांतल्या एका रूपात मूठच विभागलेली होती. एक भाग पकडला की मोठ्या पावलांनी पुढे जायचं, दुसरा पकडला की एकेका नावाने. इथे खुंटी आणि मणी एकाच मुठीत आले. नवख्या माणसाला दहा हजारांतलं एक नाव गाठायला सरासरी २४ सेकंद लागले, तरबेज माणसाला १३. आल्बर्ग यांनी पुढे स्पॉटफायर ही कंपनी काढली आणि स्लायडर हलवला की चित्र तत्क्षणी बदलतं, ही पद्धत माहितीचं विश्लेषण करणाऱ्यांच्या टेबलावर पोहोचली. मूल्य बदलत असतानाच परिणाम दिसणं हा स्लायडरचा खरा गुण आहे. तो नसेल तर आकडा टंकण्याची चौकट केव्हाही बरी.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, तोशियुकी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फाइनस्लायडर मांडला. पॉइंटर आणि मूठ यांच्यात जणू रबर आहे. पॉइंटर मुठीपासून लांब नेला की मूठ वेगाने त्याच्याकडे येते, जवळ ठेवला की संथ सरकते. इथे हाताचं अंतर मूल्य ठरवत नाही, मूल्य बदलण्याचा वेग ठरवतं. त्यामुळे पिक्सेलांची मर्यादाच उरत नाही, लागेल तितकं हळू जाता येतं. याची किंमत एवढीच की थांबायचं केव्हा हे वेळेवर कळावं लागतं. कानाने ठरवायच्या गोष्टीला ही पद्धत विलक्षण जुळते, कारण सूर हळूहळू सरकत येतो आणि हेलकावा थांबला की आपण सोडतो. तानपुऱ्याच्या सॉफ्टवेअरमधे ही पद्धत कुणी मनापासून बसवावी, असं मला फार वाटतं.

१९९८ मध्ये युजी आयात्सुका, जुन रेकिमोतो आणि सातोशी मात्सुओका यांनी मांडलेली युक्ती अकरावीच्या प्रयोगशाळेत हात घातलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. फ्रेंच गणिती पियेर व्हर्निए यांनी १६३१ मध्ये मुख्य मापपट्टीशेजारी किंचित वेगळ्या अंतराच्या खुणांची दुसरी पट्टी ठेवून बारीक माप वाचण्याची रीत सांगितली. आपण ती व्हर्निअर कॅलिपर म्हणून शिकतो. या तिघांनी तीच पडद्यावर आणली. ओढत असताना बारीक काम हवं झालं की मुठीजवळ व्हर्निअरची छोटी पट्टी उगवते, हालचाल संथ होते आणि पिक्सेलच्याही आतलं माप डोळ्यांना वाचता येतं. या कल्पनेचं बळ तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. मूल्य बारीक बदलू देणं पुरेसं नाही, ते किती बदललं हे डोळ्यांना दिसलंही पाहिजे. पिक्सेलच्या आतल्या हालचालीत मूठ जागची हललेली दिसत नाही आणि माणसाला वाटतं यंत्र अडकलं.

हाच धागा २०१२ मध्ये निकोला रुसेल, जेरी कासिए, जोनाथन आसेतुनो आणि डॅनिएल व्होगेल यांनी पुढे नेला. माउसमधला संवेदक आता पडद्यावरच्या पिक्सेलांपेक्षा कितीतरी बारीक हालचाल टिपतो. ८०० नोंदी प्रति इंच अशा साध्या माउसची एक नोंद म्हणजे ०.०३ मिलिमीटर. संगणक ही माहिती पिक्सेलात बसवताना तिचा मोठा भाग टाकून देतो. ती न टाकता वापरली तर दोन पिक्सेलांच्या मधल्या मूल्यांपर्यंतही हात पोहोचतो, असं त्यांनी दाखवलं. दुसरा माउस विकत घ्यायची गरज नाही. आधीच हातात असलेली नजाकत वाया जाऊ न देणं एवढंच करायचं आहे.

या मालेतला सर्वांत देखणा उपाय मला कॅरोलिन आपेर आणि ज्याँ-दानिएल फेकेत यांचा ऑर्थोझूम वाटतो, २००६ चा. पट्टीच्या दिशेने ओढलं की मूल्य बदलतं आणि ओढता ओढता पट्टीपासून आडवं दूर गेलं की पायरी बारीक होत जाते. जवळ खुंटी, दूर मणी, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या आपोआप. वेगळी कळ लागत नाही, वेगळं बटण लागत नाही, हात न सोडता खडबडीतून बारीककडे जाता येतं. १० ते ३० बिट अडचणीच्या कामांत ही रीत वेगानुसार झूम होणाऱ्या पद्धतीच्या सुमारे दुप्पट वेगवान ठरली. गॉन्झालो रामोस आणि रविन बालकृष्णन यांनी २००५ मध्ये पेनाच्या दाबाने पायरी बदलणारा स्लायडर केला होता. तोही छान, पण माउसला दाब कळत नाही, म्हणून आपल्या प्रश्नात तो बाहेर राहतो.

ऑर्थोझूमच्या जातीचं काहीतरी लाखो लोकांच्या हातात पडलं, तेही फोनवर. २००९ मध्ये आयफोनच्या तिसऱ्या आवृत्तीत गाण्याच्या पट्टीवर बोट ठेवून खाली सरकवलं की पुढे-मागे जाण्याचा वेग निम्मा, मग पाव, मग अतिबारीक व्हायचा आणि तसं पडद्यावर लिहूनही यायचं. २०२२ मध्ये यूट्यूबने पट्टी ओढताना वर सरकवलं की चित्रचौकटींची ओळ उघडण्याची सोय दिली. जाड बोटाच्या अडचणीने फोनवाल्यांना विचार करायला भाग पाडलं. माउस मुळातच नेमका, म्हणून तिथे विचार थांबला. गेली पंधरा वर्षं बहुतेक पडदे आधी फोनसाठी रचले जातात आणि तेच रुंद करून लॅपटॉपवर टाकले जातात. त्यात माउसच्या अचूकतेचा वापर कुठेच होत नाही.

ज्यांचं पोट अचूकतेवर आहे त्यांनी आपापले मणी बसवून घेतले आहेत. फोटोशॉपमधे आकड्याच्या नावावरच माउस ओढता येतो आणि शिफ्ट दाबली की पायरी दहापट होते. ब्लेंडरमधे उलट, ओढताना शिफ्ट दाबली की हालचाल बारीक होते आणि कंट्रोल दाबली की ठरावीक टप्प्यांवर बसते. एकच कळ एका ठिकाणी मोठं करते, दुसऱ्या ठिकाणी बारीक. दोन्ही वापरणाऱ्या माणसाची बोटं रोज चुकत असणार. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधे कळ धरून फेडर बारीक सरकवण्याची सोय सर्रास असते. लाइटरूम क्लासिकमधे बाजूचा कप्पा रुंद केला की स्लायडर लांब होतात आणि आपोआप बारीक चालू लागतात. मूठ पकडण्याचीही गरज नसते, स्लायडरवर पॉइंटर ठेवून वर-खाली बाण दाबले तरी चालतं. छायाचित्रकार हे एकमेकांकडून शिकतात, कारण पडद्यावर तसं कुठेच लिहिलेलं नसतं.

दडून बसणं हे या सगळ्या युक्त्यांचं खरं दुखणं आहे. शिफ्टमधे मणी आहे हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी तो नाहीच. ऑर्थोझूमही दिसत नाही, सांगावा लागतो. मूठ पकडून माणूस दोन-तीनदा मागे-पुढे करू लागला, की तो अडला आहे हे संगणकाला सहज ओळखता येतं. त्याच क्षणी बाजूला छोटी बारीक पट्टी उगवावी किंवा ‘खाली ओढा, सूक्ष्म होईल’ अशी एक ओळ यावी. आयफोनने वेगाचं नाव पडद्यावर लिहून दाखवलं, म्हणूनच त्याची युक्ती लोकांना सापडली.

वेबपानांवरचा तयार स्लायडर काय देतो? एचटीएमएल ५ हे २८ ऑक्टोबर २०१४ ला प्रमाण म्हणून जाहीर झालं. त्यातला स्लायडर काही न सांगितल्यास ० ते १०० आणि एकेकाची पायरी धरतो. प्रमाणातच म्हटलं आहे की नेमका आकडा जिथे महत्त्वाचा नाही तिथे तो वापरावा. म्हणजे बनवणाऱ्यांनी मर्यादा स्पष्ट सांगितली होती, वापरणाऱ्यांनी ती वाचली नाही आणि कर्जाच्या रकमेपासून तारखेपर्यंत सगळीकडे स्लायडर लावले. तरी या साध्या साधनातही एक मणी आहे. बहुतेक ब्राउझरमधे मूठ एकदा माउसने ढोबळ जागी नेली की लगेच बाणाच्या कळांनी एकेका पायरीने ती हलवता येते. पायरी एक सेंटची ठेवली असेल तर पिक्सेल कितीही कमी असोत, ७०२ गाठता येतं. हाताने नवा स्लायडर लिहिणारे बरेचदा सर्वांत आधी हेच घालवून बसतात.

मूल्यं पट्टीवर कशी पसरायची हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे फारच कमी लक्ष जातं. आवाजाची तीव्रता किंवा कंपनसंख्या सरळ पसरली तर पट्टीच्या एका टोकाला काही जाणवत नाही आणि दुसऱ्या टोकाला सगळं घाईने घडतं. म्हणून ध्वनीचे फेडर लॉगरिदमच्या मापाने आखतात. सेंट हे मापच लॉगरिदमचं आहे, त्यामुळे तानपुऱ्याचा पट्टा सरळ आखला तरी कानाला समान चालतो. अक्षरांच्या बाबतीत एवढं सोपं जात नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला ‘अनेक’ हा टंक देवनागरीसह दहा लिप्यांत आहे आणि तो परिवर्ती आहे. म्हणजे जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ या दरम्यान हवी तशी सरकवता येते. असे टंक पाहण्याच्या पानावर स्लायडर असतोच. १४० पिक्सेलांच्या पट्टीवर जाडीचे ७०० एकक म्हणजे पिक्सेलमागे पाच. देवनागरीत शिरोरेषा, उभा दंड आणि जोडाक्षरातली दाटी एकदम बदलते. ‘क्ष’ किंवा ‘द्ध’ची आतली पोकळी बुजायला लागते तो टप्पा लहान आकारात थोड्या एककांत येतो आणि जातो. लॅटिन अक्षरं पाहून आखलेली पट्टी तो टप्पा ओलांडून जाते. टंक तपासणाऱ्या मराठी मांडणीकाराला तिथे बारीक पायरी हवी असते, बाकी पट्टीवर ढोबळ चालते. मुळात सगळ्या पट्टीवर सारखीच पायरी असली पाहिजे असा काही नियम नाही.

खुणा आखायच्या की नाही यावर एक दाखला पुरे. जस्टिन मॅटेका आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पट्टीवर खुणा असल्या की लोकांची उत्तरं खुणांजवळ गोळा होतात. वेदना किंवा समाधान मोजणाऱ्या प्रश्नावलीत त्यामुळे माहिती बिघडते, म्हणून तिथे खुणा नकोत. सूर लावताना मात्र षड्ज-पंचमाच्या खुणांजवळ मूठ ओढली जाणं इष्ट आहे, फक्त तिथून एक सेंट सुटण्याची मोकळीक हवी.

आता कतारकडे परत येऊ, कारण इथे आणखी एक अडचण येते जी पुण्यात बसून सुचत नाही. २०१९ च्या सातव्या कायद्याने कतारने अरबी भाषेला सरकारी व्यवहारात संरक्षण दिलं. इथली संकेतस्थळं आणि अ‍ॅप अरबी आणि इंग्रजी दोन्हींत चालतात. अरबी निवडली की पान उजवीकडून सुरू होतं आणि स्लायडरही उलटतो. शून्य उजवीकडे, वाढ डावीकडे. ब्राउझरमधे तयार स्लायडर हे स्वतः करतो. किमतीच्या, वयाच्या, अंतराच्या पट्टीला ते योग्यच आहे. पण गाण्याचा वेळ दाखवणारी पट्टी उलटू नये असं गूगलच्या मटेरिअल मार्गदर्शिकेत सांगितलं आहे, कारण ती दिशा टेपच्या फिरण्यावरून आली आहे, लिपीवरून नाही. तोच तर्क सुराच्या पट्टीला लावला पाहिजे. पेटीची खर्जाची बाजू अल अझीझियातही डावीकडेच असते. अरबी पान निवडलं म्हणून मंद्र सप्तक उजवीकडे गेलं तर हाताची सवय आणि डोळे यांची फारकत होते. ज्या मापाला जगात स्वतःची दिशा आहे त्याची पट्टी उलटू नये, हा माझा निकष आहे. आणि शंका असेल तिथे पट्टी उभी करावी. वर म्हणजे जास्त, खाली म्हणजे कमी, हे देवनागरी, अरबी, लॅटिन कुठल्याही वाचकाला सारखंच कळतं. ध्वनिमिश्रणाच्या टेबलावरचे फेडर उभे असतात, त्यामुळे संगीतवाल्यांना ते परकंही वाटत नाही.

अंकांची गोष्टही इथे येते. पट्टीशेजारी नेमका आकडा टंकण्याची चौकट असली पाहिजे हे मी गृहीत धरतो. ती नसेल तर बाकीच्या युक्त्या अपुऱ्या आहेत. मराठी पानात त्या चौकटीने देवनागरी अंक स्वीकारावेत, इंग्रजीही स्वीकारावेत, अरबी पानात पूर्व अरबी अंकही. मोठ्या रकमेत लाखाचे स्वल्पविराम चालावेत. एका घरात आजी मराठी, मुलं इंग्रजी आणि कचेरी अरबी वापरत असते, तेव्हा ही सोय चैनीत मोडत नाही.

ओढणं ज्यांना जमतच नाही त्यांचा विचार बराच काळ शेवटी केला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यता निकषांनी ते बदललं. ओढून होणारं प्रत्येक काम न ओढता, नुसत्या टिचकीनेही झालं पाहिजे, आणि टिचकीची जागा निदान २४ बाय २४ पिक्सेल असावी. म्हणजे पट्टीच्या दोन्ही टोकांना अधिक-उणेची बटणं. कतारमधे मदा हे सहायक तंत्रज्ञानाचं केंद्र २०१० पासून काम करतं आहे, तेव्हा या देशात बसून स्लायडर रचणाऱ्याला विचारायला घर आहे. संधिवात झालेल्या हातासाठी ठेवलेली बटणं तरुण गायकालाही एका सेंटची पायरी देतात. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला नुसता ‘४७’ न सांगता ‘काळी चार, अधिक सात सेंट’ असं सांगण्याची तरतूद वेबच्या प्रमाणांत आहे. ती भरायला एक ओळ लागते. दृष्टिहीन गायक आणि वादक आपल्या परंपरेत नेहमीच राहिले आहेत, म्हणून ही ओळ राहून जाते तेव्हा मला विशेष वाईट वाटतं.

माउसचं चाक स्लायडरला जोडावं का, यावर अजून एकमत नाही. चाकाच्या एकेका खटक्याला एक सेंट ही कल्पना मोहक आहे, पण पान खाली सरकवताना पॉइंटर पट्टीवरून गेला की सूर नकळत बदलतो. आधी पट्टीवर टिचकी मारलेली असेल तरच चाक चालावं, हा मधला मार्ग मला पटतो.

राहिली मागे फिरण्याची वाट. अचूक काम करणारा माणूस सतत तुलना करतो. थोडं पुढे जाऊन ऐकतो, परत येतो. त्यामुळे ओढत असताना एस्केप दाबली की मूठ निघाल्या जागी परतली पाहिजे. एक पूर्ण ओढ म्हणजे पूर्ववत करण्याची एकच पायरी असावी, वाटेतले ऐंशी पिक्सेल म्हणजे ऐंशी पायऱ्या नव्हेत. मुठीवर दोनदा टिचकी मारली की मूळ मूल्य यावं. आणि शेजारी मागचा सूर व आत्ताचा सूर आलटून पालटून ऐकवणारं एक बटण असावं. अभ्यासकांनी मूठ नेमकी थांबवण्यावर पुष्कळ लिहिलं, थांबण्याआधीच्या या मागे-पुढे होण्यावर फार कमी. यापुढचं काम तिथे आहे आणि ते करायला गाण्याची शिकवणी चालू असलेल्या घराइतकी योग्य जागा नाही.